स्वयंपाकातील बिअर : माझे मटण कडू का झाले?

केळफूल (पुणे)

गेल्या दिवाळीत माझी नणंद बेल्जियममधील गेंट शहरातून महिनाभरासाठी आमच्याकडे आली होती. तिकडे गोमांस बिअरमध्ये तासन् तास शिजवून जो दाट रस्सा करतात, ज्याला फ्रेंच भाषक 'कार्बोनाद फ्लामांद' आणि फ्लेमिश भाषक 'स्तोफफ्लेस' म्हणतात, तो तिने आमच्या घरी बोकडाचे मटण घेऊन केला. उभा चिरलेला भरपूर कांदा तिने मंद आचेवर तांबूस होईपर्यंत परतला, त्यात तमालपत्र आणि दोन लवंगा टाकल्या, सामानातून आणलेली तपकिरी बिअर ओतली आणि वरून मोहरीची चटणी माखलेला पावाचा तुकडा ठेवला. तो पाव हळूहळू विरघळून रश्श्याला दाटपणा आला. चव गोडसर, किंचित आंबट होती आणि खरपूस भाजलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा वास घरभर पसरला होता. असे मटण मी त्याआधी कधीच खाल्ले नव्हते.

फेब्रुवारीत मी तोच पदार्थ एकटीने केला. येथे एका ठिकाणी ताजी बिअर मिळते, तेथून 'इंडिया पेल एल' आणली, बाकी सर्व कृती नणंदेने लिहून दिल्याप्रमाणे केली आणि दोन तासांनी चाखले, तर रस्सा कडू झाला होता. कारल्याचा कडवटपणा खाताना बरा वाटतो, हा तसा नव्हता. औषधाची गोळी जिभेवर विरघळावी तसा तो घशाशी रेंगाळत राहिला. गूळ घालून पाहिला, चिंचेचा कोळ घालून पाहिला, तरीही तो गेला नाही. एक किलो मटण टाकून द्यावे लागले, याचे मला अजून वाईट वाटते.

जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. स्वयंपाकासाठी बिअर कशी निवडावी? आणि ज्या घरात लहान मुले आहेत, व्रतवैकल्ये करणारी वडीलधारी माणसे आहेत, तेथे असा पदार्थ करावा का? दिवाळीत आमच्या सासूबाईंना स्वतःच्या लेकीने केलेला तो पदार्थ चाखता आला नाही, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

रसायनी

केळफूल ताई, तुमची कृती चुकलेली नाही, बिअरची निवड चुकली. बिअरमधील कडवटपणा हॉप नावाच्या वेलीच्या फुलांतून येतो. ही वेल भांगेच्याच कुळातील आहे. बिअर तयार करताना धान्याच्या गोड काढ्यात ही फुले उकळतात, तेव्हा त्यांतील अल्फा आम्लांचे रूपांतर अधिक कडू अशा आयसो-अल्फा आम्लांत होते. ही आम्ले वाफेबरोबर उडून जात नाहीत. पाणी आटते, अल्कोहोल बरेचसे निघून जाते, कडवटपणा मात्र भांड्यातच राहतो. एक लिटर बिअर आटून तिचा तिसरा हिस्सा उरला, तर तोच कडवटपणा तिप्पट दाट होतो.

तो मोजण्याचे एक एकक असते आणि एका लिटरमध्ये साधारण एक मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ल म्हणजे एक एकक असे ढोबळमानाने धरतात. गव्हाच्या बिअरमध्ये ही मात्रा १० ते १५ असते, तर तुम्ही वापरलेल्या इंडिया पेल एलमध्ये ४० ते ७० पर्यंत जाते. तुमच्या नणंदेने आणलेल्या फ्लेमिश तपकिरी बिअरमध्ये हॉप अगदी बेताचे आणि धान्याचा गोडवा जास्त असतो. आटवण्याच्या पदार्थासाठी अशीच बिअर हवी. पेल एल घालायचीच असेल, तर ती न आटणाऱ्या पदार्थात घालावी.

सह्यकडा

इंडिया पेल एलमध्ये एवढे हॉप घालण्याला आपल्याच किनाऱ्यांचे कारण आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधील हॉजसन यांच्या भट्टीतील बिअर मुंबई आणि कलकत्त्याच्या बंदरांत येत असे. प्रवास कित्येक महिन्यांचा आणि विषुववृत्त दोनदा ओलांडणारा होता, आणि हॉप जंतूंची वाढ रोखत असल्यामुळे अशी बिअर वाटेत टिकत असे. पुढे १८२० च्या दशकात इंग्लंडमधीलच बर्टन गावच्या उत्पादकांनी हा व्यापार काबीज केला, कारण तेथील विहिरींच्या पाण्यात जिप्सम विपुल आहे आणि त्यामुळे हॉपची चव अधिक स्वच्छ उतरते. म्हणजे जो गुण समुद्रप्रवासासाठी जोपासला गेला, तोच केळफूल ताईंच्या पातेल्यात आडवा आला.

म्युनिककर

मी चौदा वर्षे जर्मनीतील बव्हेरियात राहतो आहे. येथे बिअर हा जेवणाचाच भाग मानला जातो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

बव्हेरियातील १५१६ सालचा बिअरचा कायदा अनेकांनी ऐकला असेल. जव, हॉप आणि पाणी यांखेरीज काहीही घालायचे नाही, असा तो नियम होता. त्यात यीस्टचे नावही नाही, कारण आंबवण्याचे काम कोण करते हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. त्यानंतर १५५३ मध्ये उन्हाळ्यात, म्हणजे २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात, बिअर करण्यासच बंदी आली. मग भट्टीवाल्यांनी वसंतात केलेली बिअर जमिनीखालच्या तळघरांत साठवायला सुरुवात केली आणि तळघरे गार राहावीत म्हणून वर चेस्टनटची झाडे लावली. त्या सावलीत बाके मांडून लोक बसू लागले. त्यामुळे शहरातील खाणावळींचा धंदा बुडू लागला, तेव्हा राजा माक्सिमिलियन याने १८१२ मध्ये तोडगा काढला की, भट्टीवाल्यांनी बिअर विकावी, पण जेवण विकू नये. परिणामी लोक घरून डबा आणू लागले.

ही चाल आजही चालू आहे. जेथे टेबलावर कापड अंथरलेले नाही, तेथे स्वतःचे जेवण उघडून बसण्याचा रिवाज आहे. आमचे शेजारी मुळा, पाव आणि चीज आणतात. आम्ही थालीपीठ, दही आणि लसणाची चटणी नेतो. पहिल्या वर्षी डबा उघडताना मला फार संकोच वाटला होता. शेजारच्या बाकावरील एका आजींनी थालीपिठाचा तुकडा मागून घेतला आणि त्यात कोणते धान्य आहे, हे बारकाईने विचारले. ज्वारी, बाजरी, गहू, हरभरा आणि उडीद असे मी एकेक सांगत गेलो, तेव्हा त्यांनी आपल्या पेल्याकडे बोट दाखवून सांगितले की, हेही धान्यच आहे. त्या दिवसापासून माझी बिअरकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

स्वयंपाकाबद्दल सांगायचे, तर येथे डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा ओव्हनमध्ये भाजताना त्यावर अधूनमधून काळसर 'डुंकेल' बिअर ओततात, म्हणजे वरची साल कुरकुरीत होते आणि खाली जमा होणाऱ्या रसाला रंग येतो. मऊ कामांबेर चीज, लोणी, कांदा, लाल पाप्रिका आणि थोडी बिअर कुस्करून 'ओबात्स्दा' नावाची चटणी करतात. कॉफी रुळण्यापूर्वी जर्मन घरांत सकाळी बिअरचे सूप पीत असत. प्रशियाचा राजा फ्रेडरिक याने १७७७ मध्ये कॉफीवर निर्बंध आणण्यासाठी जे फर्मान काढले, त्यात आपण स्वतः याच सुपावर वाढलो, असा दाखला दिला होता.

गोमटी

थालीपीठ आणि बिअर ही जोडी मला फार आवडली. पुढच्या वेळी सोबत लोण्याचा गोळाही न्यावा.

निवडुंग

म्युनिककर यांचा प्रतिसाद वाचून एक गोष्ट लिहावीशी वाटते. माझे थोरले बंधू सहा वर्षांपासून दारूपासून दूर आहेत. त्यासाठी त्यांनी आणि वहिनींनी काय सोसले, हे आमच्या घरालाच ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका परिचितांकडे जेवायला गेलो असताना पावाबरोबर चीजची चटणी वाढण्यात आली. ती बहुधा ओबात्स्दाच असावी. पहिल्या घासालाच दादाने बशी खाली ठेवली आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. यजमानांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना सांगायचे सुचले नाही एवढेच. परंतु ती रात्र आणि त्यानंतरचे आठ दिवस दादाला फार जड गेले.

त्या चटणीत बिअर शिजवलेली नसते, तिचे सगळे अल्कोहोल तसेच असते. शिजवलेल्या पदार्थातही चव आणि वास उरतोच, आणि व्यसनातून बाहेर पडणाऱ्या माणसाला कधी कधी तेवढेही पुरते. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की, पदार्थात बिअर असेल तर वाढण्यापूर्वी ते स्पष्ट सांगावे. पाहुणा का नको म्हणतो, हे मात्र त्याला विचारू नये.

म्युनिककर

निवडुंग, मी हे लक्षात ठेवीन. आमच्याकडे पाहुणे येतात तेव्हा मी मांसाहाराबद्दल न चुकता विचारतो, पण बिअरबद्दल आजवर कधी विचारले नव्हते. तुमच्या बंधूंना माझा नमस्कार सांगा.

आजोळ

पण शिजवल्यावर अल्कोहोल पूर्ण उडून जाते ना? ते पाण्याच्या आधी, ७८ अंशांवर उकळते, असे आम्ही शाळेत शिकलो आहोत.

रसायनी

आजोळ, शुद्ध अल्कोहोल ७८ अंशांवर उकळते हे खरे आहे. पण पाण्यात मिसळलेले अल्कोहोल एकदम वेगळे होऊन निघून जात नाही. ते पाण्याच्या वाफेबरोबर हळूहळू कमी होते. अमेरिकेच्या कृषी खात्याने यासाठी प्रसिद्ध केलेले आकडे असे आहेत की, पदार्थात मिसळून मंद आचेवर १५ मिनिटे शिजवले तर ४० टक्के अल्कोहोल उरते, अर्ध्या तासाने ३५ टक्के, एका तासाने २५ टक्के आणि अडीच तासांनी ५ टक्के. भांडे पसरट असेल तर ते लवकर जाते, उंच आणि झाकलेले असेल तर अधिक टिकते. प्रेशर कुकरमध्ये शिजवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण तेथे वाफ कोंडलेलीच असते.

केळफूल ताईंच्या पातेल्यात ५ टक्क्यांची अर्धा लिटर बिअर घातली, तर त्यात २५ मिलिलिटर अल्कोहोल येते. अडीच तासांनी त्यातील सव्वा मिलिलिटर उरेल आणि सहा जणांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला ०.२ मिलिलिटर येईल. शरीराच्या दृष्टीने हे नगण्य आहे. परंतु निवडुंग यांनी मांडलेला मुद्दा मिलिलिटरांचा नाही, आणि सासूबाईंचाही तो नसावा. ज्याने न घेण्याचे ठरवले आहे, त्याच्यासाठी ०.२ हा आकडा शून्य होत नाही. आज बाजारात अल्कोहोलविरहित बिअर मिळते, पण तिचेही नाव बिअरच आहे, त्यामुळे ती चालेल की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे.

दर्यावर्दी (वसई)

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडचे मूळ ख्रिस्ती लोक. आमच्या स्वयंपाकघरात बिअरची बाटली कायमच असते, फक्त तिच्यात बिअर नसून मसाला असतो. उन्हाळ्यात मिरच्या, धणे, हळद, तीळ, खसखस, नागकेशर असे अनेक जिन्नस वाळवून, भाजून, कुटून जो मसाला करतात, तो आमचे लोक तपकिरी काचेच्या बिअरच्या बाटल्यांत ठासून भरतात आणि म्हणूनच त्याला बॉटल मसाला म्हणतात. माझी आजी लाकडी दांडीने मसाला दाबत दाबत भरत असे, म्हणजे आत हवा राहत नसे. त्या बाटल्या वर्षभर टिकत.

दुसरे म्हणजे, आंबवलेले पेय स्वयंपाकात वापरणे आपल्या किनाऱ्याला मुळीच नवीन नाही. आमचे लग्नातले फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, ताडीने फुगवायचे आणि गोव्याच्या सान्नांत, म्हणजे तांदळाच्या इडलीसारख्या पदार्थात, माडाची सूर घालायची, ही जुनी रीत आहे. त्याच सुरेचे शिर्के विंदालूत आणि सोरपोतेलमध्ये पडते. पुढे आमच्या गावात ताडी काढणारे कमी झाले आणि आईने यीस्ट वापरायला सुरुवात केली, पण ती चव परत आली नाही. बिअर घालून फुगे फुगतील का, याचे उत्तर कोणी देऊ शकेल का?

रसायनी

दर्यावर्दी, बिअरने ते फुगणार नाहीत. सूर किंवा ताडी जिवंत असते, तिच्यात यीस्ट आणि जिवाणू काम करत असतात. कारखान्यातील बाटलीबंद बिअर मात्र बहुधा गाळलेली आणि पाश्चरीकरण केलेली असते, म्हणजे तिच्यातील यीस्ट काढून टाकलेले किंवा मेलेले असते. पाश्चर यांनी बिअरवरील आपला अभ्यास १८७६ मध्ये प्रसिद्ध केला आणि १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सन यांनी यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी काढून वाढवली. तेव्हापासून बिअरची चव दरवेळी सारखी ठेवणे शक्य झाले. तुमच्या आजीच्या ताडीची चव झाडागणिक आणि ऋतूगणिक बदलत असणार, आणि नेमके तेच तुम्हाला आज आठवते आहे. बिअरचा झटपट पाव करतानाही बेकिंग पावडर घालावी लागते, ती याच कारणाने. फुग्यांत बिअर घालायची असेल तर चवीसाठी घाला आणि फुगण्यासाठी यीस्ट वेगळे घाला.

तपकिरी बाटलीचे म्हणाल, तर आजीची निवड शास्त्राला धरून होती. प्रकाश पडला की बिअरमधील हॉपची आम्ले फुटतात आणि कुबट, उग्र वासाचे गंधकयुक्त संयुग तयार होते. ते टाळण्यासाठी काच तपकिरी ठेवतात. मिरची-हळदीचा रंगही प्रकाशाने उडतो, त्यामुळे जी काच बिअर सांभाळते तीच मसालाही सांभाळते.

पाटावरवंटा

ताज्या बोंबलांसाठी मी गेली काही वर्षे बिअरचे पीठ करते. दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी तांदळाचे पीठ, मीठ, हळद आणि लाल तिखट एकत्र करून त्यात अगदी गार, हलकी बिअर ओतते आणि चार-पाच वेळाच ढवळते. गुठळ्या राहिल्या तरी चालतात. बोंबील आधी वजनाखाली दाबून पाणी काढून घ्यावे लागतात, नाहीतर काहीही केले तरी ते मऊ पडतात. तेल चांगले तापल्यावर तळले, तर वरचे कवच काचेसारखे कुरकुरीत होते आणि आतला मासा लोण्यासारखा राहतो. बेसनाच्या कांदाभजीत मात्र मला बिअरचा फारसा उपयोग दिसला नाही. यामागे काही कारण आहे का?

रसायनी

कारण आहे. बिअरमधील कर्बवायू गरम तेलात झपाट्याने सुटतो आणि पिठात पोकळ्या करतो. अल्कोहोल पाण्यापेक्षा लवकर उडते, त्यामुळे कवच लवकर कोरडे होते. शिवाय अल्कोहोलमुळे मैद्यातील ग्लूटेन या चिवट प्रथिनाची जाळी कमी बनते आणि कवच चिवट होत नाही. बेसनात ग्लूटेन नसतेच, त्यामुळे हा तिसरा फायदा तेथे मिळत नाही, आणि वायूचे काम आपण चिमूटभर सोड्याने आधीच करून घेतलेले असते. कांदाभजीला बिअरची गरज नाही.

आडवाट

माझे मत थोडे वेगळे आहे. बिअरला उगाच दारू म्हणून बदनाम केले जाते. ते जवाचे पाणी आहे. मुतखड्यावर बिअर प्यावी, असे आमच्या गावात सर्रास सांगतात.

शुश्रूषा

आडवाट, मी तीस वर्षे रुग्णसेवेत आहे, म्हणून हे स्पष्टपणे सांगते. बिअरने लघवी जास्त होते हे खरे, पण अल्कोहोल शरीरातील पाणीच कमी करते. बिअरमधील प्युरीन नावाच्या घटकामुळे युरिक ॲसिड वाढते, त्यामुळे युरिक ॲसिडचे खडे किंवा संधिवाताचा 'गाउट' असलेल्या रुग्णाला बिअर थेट अपायकारक ठरते. मुतखड्यासाठी भरपूर साधे पाणी प्यावे आणि तपासणी करून घ्यावी.

बिअर दारू नव्हे, या समजुतीने फार नुकसान केले आहे. आपण गणित करून पाहू. ८ टक्क्यांच्या तीव्र बिअरच्या ६५० मिलिलिटर बाटलीत ५२ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते. ६० मिलिलिटर व्हिस्कीत, तिची तीव्रता ४२.८ टक्के धरली, तर सुमारे २६ मिलिलिटर असते. म्हणजे एक मोठी बाटली हे दोन मोठे पेग झाले. ती पिऊन 'मी फक्त बिअर घेतली आहे' असे म्हणत दुचाकीला किल्ली लावणारी तरुण मुले मी अपघात कक्षात पाहिली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले आहे की, अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही. ज्यांना बिअरची चव आवडते, त्यांनी ती चवीसाठी, थोडी आणि जेवणाबरोबर घ्यावी. औषध म्हणून कदापि घेऊ नये.

आडवाट

दोन पेगांचे गणित मी कधी केलेच नव्हते. माझा धाकटा भाऊ तीव्र बिअरच घेतो आणि दुचाकीनेच परततो. आज रात्री त्याच्याशी बोलतो.

गोदाकाठ (छत्रपती संभाजीनगर)

सर्वांनी धान्य, हॉप आणि यीस्टबद्दल लिहिले, पण बिअरचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाणी असते आणि आमच्या शहराला हे विसरता येत नाही. बिअरचे अनेक कारखाने आमच्या औद्योगिक वसाहतींत आहेत आणि त्यांना जायकवाडीचे पाणी मिळते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात मे महिन्यापासून ६० टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश दिला होता. त्या दिवसांत आमच्या गल्लीत आठवड्यातून एकदा टँकर येत असे आणि आई डाळ धुतलेले पाणीही तुळशीला घालत असे. कारखान्यांत माझ्या मित्रांच्या नोकऱ्या आहेत, म्हणून ते बंद व्हावेत असे मी म्हणत नाही. पण स्वयंपाकात उरलेली अर्धी बाटली मोरीत ओतून देणाऱ्यांना मी आवर्जून सांगतो की, ती मुरवणाला किंवा पिठाला वापरावी. तिच्यामागे तिच्या कित्येक पट पाणी खर्च झालेले असते.

मोडघर

म्युनिककर यांना त्या आजींनी सांगितलेली गोष्ट मला या सगळ्या चर्चेचा गाभा वाटते. बिअरची पहिली पायरी म्हणजे धान्याला मोड आणणे. जव भिजवतात, मोड फुटले की वाळवतात आणि भाजतात. मोड येताना धान्यात जी विकरे (एन्झाइम) तयार होतात, ती पुढे ६२ ते ६८ अंशांच्या गरम पाण्यात पिठाची साखर करतात. आपल्या घरांत बाळासाठी नाचणीचे सत्त्व करताना आपण नेमके हेच करतो: नाचणी भिजवतो, फडक्यात बांधून मोड आणतो, सावलीत वाळवतो, भाजतो आणि दळतो. ती खीर साखर न घालताही गोडसर लागते, ती याच विकरांमुळे. सिक्कीममध्ये आंबवलेल्या नाचणीवर गरम पाणी ओतून, बांबूच्या नळीने 'तोंग्बा' पितात. प्राचीन इराकमधील सुमेरमध्ये निंकासी नावाची बिअरची देवता होती आणि सुमारे ३८०० वर्षांपूर्वीच्या तिच्या स्तोत्रात धान्य भिजवण्यापासूनची सगळी कृती येते.

केळफूल ताईंना नणंदेच्या मटणात जी खरपूस भाकरीची चव लागली, ती बिअरच्या अल्कोहोलची नव्हतीच. ती भाजलेल्या, मोड आलेल्या धान्याची होती. मग सासूबाईंसाठी ती चव थेट धान्यातून का आणू नये?

केळफूल

सर्वांचे प्रतिसाद मी दोन आठवडे पुन्हा पुन्हा वाचले आणि काल रविवारी दोन पातेली चढवली.

पहिल्या पातेल्यात एक किलो मटण, पाच मोठे कांदे आणि अर्धा लिटर काळी 'स्टाउट' बिअर होती. रसायनी यांच्या सांगण्यावरून विकत घेण्याआधी मी हॉप कमी असलेली बिअर मागितली आणि ती चाखूनही पाहिली. कुकर न वापरता पसरट पातेल्यात अडीच तास शिजवले. गूळ एक चमचा, मोहरीची चटणी दोन चमचे आणि पावाचा एक तुकडा घातला. कडवटपणा अगदी मागे, कॉफीच्या घोटानंतर राहतो तेवढाच उरला आणि तो गुळाबरोबर चांगला जुळला.

दुसऱ्या पातेल्यात अर्धा किलो मटण घेऊन कृती तीच ठेवली, फक्त बिअरऐवजी मटणाचेच पाणी आणि मोड आलेल्या नाचणीचे पीठ वापरले. आंबटपणासाठी शेवटी दोन चमचे आंबट ताक घातले. रंग थेट चॉकलेटी आला. चव नणंदेच्या मटणाशी तंतोतंत जुळत नाही, पण वास तोच आहे. वाढण्यापूर्वी कोणत्या पातेल्यात काय आहे, हे मी सर्वांना सांगितले. सासूबाईंनी नाचणीच्या पातेल्यातले दोनदा वाढून घेतले आणि जेवण झाल्यावर लेकीला व्हिडिओवर हाक मारून म्हणाल्या, "तू केलेलं तेव्हा खाता आलं नाही गं, आज खाल्लं."

म्युनिककर

केळफूल ताई, नाचणीचे पीठ किती घेतले आणि ते आधी भाजले होते का, हे कृपया सांगा. ऑगस्टमध्ये माझे आईवडील येथे येणार आहेत आणि दोघेही माळकरी आहेत, त्यामुळे मटणाऐवजी मला त्यात सुरण घालावा लागेल.

केळफूल

अर्धा किलोला तीन चमचे सपाट घेतले, आणि कोरड्या तव्यावर कॉफीच्या पुडीइतका गडद रंग येईपर्यंत भाजून घेतले. ते थंड पाण्यात कालवूनच घाला, नाहीतर गुठळ्या होतात. सुरण आधी चिंचेच्या पाण्यात उकडून घ्या, आणि कांदा-लसूण चालणार नसेल तर लाल भोपळा किसून परता, गोडवा त्यातून येईल.

मोडघर

सुरणासाठी ताक शेवटी घालू नका, सुरुवातीलाच घाला. तो आंबटात शिजला की खाज राहत नाही.